पुसल्याबिगर भरू नोका

आमच्या कार्यालयाबाहेर चहाची टपरी चालवणाऱ्या गुणवंतानं एकदा कोसऱ्यांपुढे चक्क हात जोडले होते. कोसरे रोज सकाळी टपरीवर यायचे आणि बाकावर बसलेल्या प्रत्येकाला विचारायचे, "तुमाले साखर किती जी?" ओळखीच्यालाही आणि तालुक्याहून कामासाठी आलेल्या अनोळखी म्हाताऱ्यालाही.

"कोसरे भाऊ," गुणवंत म्हणाला, "साखर पातेल्यात पडते. सकाळीच पडते. आता एकेकाले पुसून का करू? गाळून काढू?"

"मंग पातेल्यात टाकाच्या आदी पुसाव."

"कोनाले पुसू? तवा इथी कुत्र्याबिगर कोनी नसते."

कोसऱ्यांनी यावर इतका गंभीर चेहरा केला, की दुसऱ्या दिवशी ते कुत्र्याकडे चौकशी करणार अशी मला भीती वाटली.

पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत पुसणं म्हणजे विचारणं. 'पुसल्याबिगर भरू नोका' हे कोसऱ्यांचं एकमेव तत्त्वज्ञान होतं, आणि ते पेला, पोतं, अर्ज आणि आयुष्य या सगळ्यांना सारखंच लागू पडतं असं त्यांचं म्हणणं होतं. बसमध्ये खिडकी उघडण्याआधी ते मागच्या सीटवरच्याला विचारत. फोनवर बोलणं संपलं की "ठेवू का?" असं विचारत, आणि पलीकडच्यानं न बोलता ठेवून दिला असला तरी थोडा वेळ फोन कानाला तसाच धरून ठेवत. उंच, किंचित पुढे झुकलेला माणूस. झुकण्याचं कारण संगणक होता; पण लांबून पाहणाऱ्याला वाटे, हा कुणाला तरी काही विचारायलाच वाकला आहे.

मी बदलीवर गडचिरोलीला आलो तेव्हा मात्र कोसरे असे नव्हते. तेव्हा ते काहीच विचारत नसत.

जिल्ह्यातल्या कुटुंबांची माहिती एका ठिकाणी साठवण्याचं काम आमच्या कार्यालयाकडे होतं. मी आकडेवारी बघत असे आणि कोसरे, कंत्राटावर, ती माहिती ज्या तक्त्यांत बसते ते तक्ते बांधत असत. डेटाबेस हा शब्द ऐकला की लोकांना काहीतरी अंतराळातलं वाटतं. प्रत्यक्षात ते एक मोठं फडताळ असतं. त्यात खण असतात, आणि कुठल्या खणात काय मावेल हे आधी ठरवावं लागतं : आकडा, तारीख की मजकूर. भरणारा एखादा खण रिकामा ठेवून पुढे गेला, तर त्यात यंत्रानं आपणहून कोणतं उत्तर ठेवायचं, हेही आधी सांगून ठेवता येतं. त्याला डिफॉल्ट म्हणतात. कोसऱ्यांना त्या काळी या सोयीचं इतकं कौतुक होतं, की मोदकाच्या सारणाबद्दल माणसं बोलतात तसे ते तिच्याबद्दल बोलत.

"भाऊ, अंगनवाडीची बाई उन्हातान्हात घरोघर फिरते. तिचं अर्धं काम आपुन इथी बसून करून ठेवाचं. राज्य? महाराष्ट्र. जिल्हा? गडचिरोली. मुख्य व्यवसाय? शेती."

"सगळ्यांचा?" मी विचारलं.

"मंग गडचिरोलीत मानूस शेती नाई करनार तर का जहाज चालवनार?"

ते स्वतः ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या बांधावर वाढलेले. त्यांच्या डोळ्यांना पाणी दिसलं की त्यात रोपच दिसे. माझा प्रश्न तिथेच संपला.

ते चामोर्शी रोडवर एका खोलीत राहत. त्या खोलीत दोन ताटं, दोन तांबे आणि दोन खुर्च्या होत्या. एक खुर्ची वापरून पाठीला पिवळी पडलेली. दुसरी कोरी, दुकानातून आली तशी दुधी प्लास्टिकच्या वेष्टणात गुंडाळलेली. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सहज तिच्यावर बसायला लागलो, तर कोसरे इतक्या झपाट्यानं मध्ये आले की मी खाटेवर बसलो.

"ते नलिनीची हाये," ते म्हणाले.

नलिनीबाई त्यांच्या पत्नी. ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीतल्या शाळेत शिकवत. कोसऱ्यांना गडचिरोलीचं काम मिळालं तेव्हा ते एकटे पुढे आले. शाळेचं वर्ष संपलं की त्या येणार होत्या. मग शाळेची अनेक वर्षं संपली. कोसरे सणावारी मूलमार्गे बसनं चंद्रपूरला आणि तिथून ऊर्जानगरला जात, दोन दिवसांनी परत येत. "येनारच हाये," म्हणत. खोलीतली दुसरी खुर्ची वेष्टणातच राहिली. घरमालकानं एकदा ती पाहुण्यांसाठी मागितली, तेव्हा कोसऱ्यांनी त्याला स्वतःची दिली आणि आठवडाभर उभ्यानं जेवले.

आमच्या फडताळाचं लोकार्पण थाटात झालं. फडताळाचं लोकार्पण कसं करतात हा प्रश्न मला पडला होता. पण फीत, नारळ आणि लॅपटॉप एका टेबलावर ठेवले की कशाचंही करता येतं. पाहुण्यांनी कळ दाबली. पडद्यावर एक हिरवागार गोल उमलला : माहिती शंभर टक्के पूर्ण. टाळ्या झाल्या. पुण्याहून आलेले सल्लागार म्हणाले, की एकही खण रिकामा नसलेला असा संच त्यांनी दुर्गम भागात प्रथमच पाहिला. रिकामा राहणार कसा? रिकामा राहिला की यंत्रच भरत होतं. त्या दिवशी कोसऱ्यांना शाल मिळाली. ती त्यांनी घडी मोडू न देता वेष्टणातल्या खुर्चीवर ठेवली.

त्यानंतर काही महिन्यांनी तुळसाबाई आल्या.

सोबत चार-पाच बाया आणि दोन पुरुष. पिपरटोल्याचे सगळे, तलावावर मासे धरून जगणारे. तुळसाबाई त्यांच्या मासेमार संस्थेच्या प्रमुख. वय झालेलं, पाय मात्र पाण्यात वावरणाऱ्या माणसाचे, टाचा पांढऱ्या पडलेल्या. गावचा तलाव मासेमारीसाठी संस्थेकडे असे, आणि मुदत संपली की पुन्हा संस्थेलाच मिळे. या वेळी वरून उत्तर आलं होतं : गावात मासेमारी करणारं कुटुंब आढळत नाही, सबब तलाव खुल्या लिलावात काढावा. नागपूरकडचा एक ठेकेदार तलाव बघूनही गेला होता.

"आमाले सांगतलं का तुमच्या डब्ब्यात आमी शेतकरी हाओत," तुळसाबाई म्हणाल्या. "चांगलं झालं. आता वावर कुठी हाये तेवढं दाखवा. आजच्या आज नांगरून येतो."

बाया हसल्या. कोसऱ्यांनी पडद्यावर पिपरटोला काढला. घरामागून घर. शेती, शेती, शेती. जमीन शून्य, आणि व्यवसाय शेती.

"हे तुमाले कोनी सांगतलं जी?"

"कोनी नाई," कोसरे म्हणाले.

"मंग लिवलं काऊन?"

 खोटं बोलायला कोसऱ्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"कोनी नाई सांगतलं मनून," ते म्हणाले.

तुळसाबाईंनी मागे वळून बायांकडे पाहिलं. "आयका व. आपुन बोललो नाई, मनून आपलं बोलनं यायनंच बोलून टाकलं."

त्या दिवशी कोसऱ्यांनी ते आपोआप भरणारं उत्तर काढून टाकलं. मला वाटलं, झालं काम. कोसऱ्यांनी मान हलवली. डिफॉल्ट काढलं तरी ते पुढच्या नोंदींपुरतं निघतं. आधी भरून बसलेलं तसंच राहतं. आणि खरी आफत त्यापुढची होती. ज्यांनी तोंडानं 'शेती' सांगितलं त्यांचीही शेतीच, आणि ज्यांना कुणी विचारलंच नाही त्यांचीही शेतीच. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारख्या.

"सांगतलेलं कोनतं अन् भरलेलं कोनतं, आता मलेच वळखू येत नाई, भाऊ," ते म्हणाले. "एकच इलाज हाये. परत पुसाचं."

लिलावाची तारीख तोंडावर होती. पिपरटोल्याची फेरचौकशी तेवढी करून घ्यायची परवानगी मी साहेबांकडून मिळवली. साहेब त्या वेळी दुसऱ्या लोकार्पणात होते, म्हणून ती मिळाली. कोसऱ्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मीही गेलो.

पहिल्याच घरी कोसऱ्यांनी छापील प्रश्न वाचला, "मुख्य व्यवसाय कोणता?" घरातला माणूस गोंधळून बायकोकडे पाहू लागला. मग ओसरीवरचा म्हातारा म्हणाला, "अरे, पोट कशावर हाये ते पुसून राह्यला तो."

"हा, पोट!" माणसाचा चेहरा उजळला. "पानकाळ्यात धानाच्या रोवन्याले जातो दुसऱ्याच्या बांदीत. दिवाळीपासून मासे. उनाड्यात मव्हा, तेंदूपत्ता. यातलं मुख्य कोनतं ते तुमीच सांगा, सायेब."

कोसऱ्यांनी सांगितलं नाही. ते ऐकत राहिले. त्या घरी आम्ही फार वेळ बसलो.

संध्याकाळी कार्यालयात येऊन त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्या सगळ्या कामात मला अजून आठवते. आकडा, तारीख आणि मजकूर हे प्रकार यंत्राबरोबर तयार येतात. पण हवा असेल तर आपला नवा प्रकारही घडवता येतो. कोसऱ्यांनी 'पोट' नावाचा प्रकार घडवला. एका पोटात तीन कप्पे : पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. प्रत्येक कप्प्यात लोकांनी तोंडानं सांगितलेल्या कामांपैकीच काम ठेवता येई; भलतंच घातलं की यंत्र परत फेके. कप्पा रिकामा ठेवायला मोकळीक होती, पण का रिकामा ते सांगावं लागे : 'पुसलं नाही' की 'सांगत नाही'. यंत्रानं आपणहून भरायचं, असं कुठेही काही नव्हतं. सल्लागारांनी पुण्याहून फोन करून या प्रकाराला जरा बरं इंग्रजी नाव देता येईल का असं विचारलं. कोसरे म्हणाले, "देता येते जी. पन मंग लोकायले पुसता नाई येत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तुळसाबाईंच्या घरी होतो. त्यांच्या पोटाचे तिन्ही कप्पे भरून झाले. त्यांनी आमच्यापुढे लाह्या ठेवल्या आणि जाळ्याची फाटकी बाजू मांडीवर ओढून घेतली.

"तुमाले सगळं सांगतलं," सुतळी ओवता ओवता त्या म्हणाल्या. "आता माहं बी एक पुसनं हाये. घरवाली कुठी रायते तुमची?"

"ऊर्जानगरले."

"इथी काऊन नाई?"

"येनार हाये."

"कवा?"

"येनारच हाये."

"तिनं सांगतलं तसं?"

कोसऱ्यांचा लाह्यांकडे गेलेला हात थांबला. तुळसाबाईंनी वर पाहिलं नाही. गाठ मारली, दातानं सुतळी तोडली.

"कोनी नाई सांगतलं मनून लिवलं वाट्टे," त्या म्हणाल्या.

बाजूला बसलेली त्यांची सून तोंडाला पदर लावून हसली. कोसरेही हसायला गेले. परतीचा रस्ता मोटरसायकलवर, दोन्ही बाजूंना सागाचं रान. एरवी ते खड्डा आला की मला मागे वळून सांगत. त्या दिवशी सगळे खड्डे मला न सांगताच आले.

पिपरटोल्याचा तलाव लिलावात गेला नाही. फाईलवर 'तांत्रिक कारणास्तव' असा शेरा पडला. चूक कुणाची ते न लिहिता ती दुरुस्त करण्यासाठी आपल्याकडे हे दोन शब्द राखून ठेवलेले आहेत. कोसऱ्यांचं समाधान झालं नाही. बाकीच्या गावांतल्या न विचारलेल्या शेतीचं काय, असं ते म्हणत राहिले. आणि ज्या-ज्या घरी 'शेती' होती, पण परत पुसून झालं नव्हतं, त्या सगळ्या घरांचे खण त्यांनी रिकामे केले. मोठा हिरवा गोल एका सकाळी अर्ध्याहून अधिक पांढरा झाला.

"हे पांढरं काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"सर, ते आपल्याले माहीत नाई."

"मग माहीत करून घ्या."

"तेच करून राह्यलो, सर. वेळ लागते."

पुढच्या आठवड्यात वरून पाहणी होती. तेवढ्यात पुसणं पूर्ण होणं शक्य नव्हतं. शेवटी साहेबांच्या सूचनेवरून पांढऱ्या भागाला फिकट हिरवा रंग देण्यात आला. पाहणी उत्तम पार पडली.

टपरीवरचं साखर पुसणं तेव्हापासून सुरू झालं. आम्ही हसत असू. कार्यालयात त्यांच्यामागे 'पुसे साहेब' हे नाव पडलं आणि ते त्यांनाही माहीत होतं. मला मात्र दिसत होतं, की हा माणूस साऱ्या जिल्ह्याला विचारतोय आणि एकाच दाराशी जायचं टाळतोय. त्या वर्षी पोळ्याला ते ऊर्जानगरला गेले नाहीत. दिवाळीलाही नाही. खुर्ची वेष्टणातच होती. वेष्टणाच्या घडीत धूळ बसे, ती ते ओल्या फडक्यानं टिपून घेत.

मग एका शनिवारी दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन ते वाकले.

"भाऊ, मी जाऊन येऊ का?"

मी त्यांचा वरिष्ठ नव्हतो, आणि शनिवारी दुपारी जायला परवानगी लागत नाही. मी म्हटलं, "जा."

सोमवारी ते नेहमीच्या वेळेला टपरीवर आले. बाकावर माझ्याशेजारी बसले. समोर दोन-तीन माणसं चहाची वाट पाहत होती. कोसऱ्यांनी कुणाला काही विचारलं नाही. गुणवंतानं आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पेले भरले.

"पुसलो," कोसरे म्हणाले.

"काय म्हणाल्या?"

"नाई येत मनली." त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला. "आदीपासूनच नाई. शाळा तिची तिथी, भाजीवाली तिथी, समदं तिथी. मी कवा पुसलंच नाई मनते. अन् ती कवा बोललीच नाई. मी समजलो, हो हाये."

"रागावल्या होत्या का?"

"नाई, नाई. राग कायचा? चांगली बोलली. बस मनली. चहा टाकला."

यावर मी काहीतरी बरं वाटणारं बोलणार होतो. चहा टाकला म्हणजे दार बंद नाही, अशा जातीचं काहीतरी. बोललो नाही ते बरं झालं.

"चहा टाकला," ते पुन्हा म्हणाले, "अन् सयपाकघरातून मले पुसली, साखर किती टाकू?"

समोरची माणसं पैसे देऊन निघून गेली.

"इतकी वर्षं माहा चहा केला जी तिनं," कोसरे म्हणाले. "तिनं मले साखर पुसली."

गुणवंतानं त्यांच्या पेल्यात न सांगता आणखी थोडा चहा ओतला आणि पातेल्याकडे वळला.

त्यानंतर कोसऱ्यांमध्ये बाहेरून फार फरक पडला नाही. माणसाला बाहेरून दिसण्याजोगा फरक क्वचितच पडतो. तो आपण नंतर रंगवतो. ते गावोगाव फिरत राहिले, पोटं भरत राहिले. पांढरा भाग, म्हणजे फिकट हिरवा, हळूहळू कमी होत गेला. पिपरटोल्याहून कुणी आलं की कधी मासे येत. पळसाच्या पानात गुंडाळलेले. एकट्याला जास्त होतात म्हणून अर्धे माझ्याकडे पाठवत, पाठवण्याआधी फोन करून पुसत. एकदा मी त्यांना विचारलं, तुमच्या त्या तक्त्यात तुमचं स्वतःचं घर आहे का? ते म्हणाले, आहे. घरात माणसं किती, या खणात काय आहे? ते म्हणाले, "रिकामा ठेवला हाये. पुसलं नाई, असं लिवलं." मी म्हटलं, तुम्हाला आता माहीत आहे की. ते म्हणाले, "मले माहीत हाये जी. पन मले पुसाले कोनी आलं नाई ना अजून."

माझी बदली चंद्रपूरला झाली. जायच्या आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला त्यांच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. सवयीनं मी खाटेकडे वळलो.

"तिकडं नोका," कोसरे म्हणाले. "इथी बसा."

त्यांनी दुसरी खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली आणि वेष्टण काढायला लागले. इतक्या वर्षांत ते प्लास्टिक खुर्चीच्या अंगाला चिकटलं होतं. चर्रकन आवाज करत निघालं. आत खुर्ची गडद निळी होती. त्या रंगाची खुर्ची त्या खोलीत आहे हे मला माहीतच नव्हतं. मी बसलो. नव्या खुर्चीसारखी ती थोडी कुरकुरली.

कोसरे शेगडीकडे गेले. चहा उकळला. आम्ही बदलीबद्दल बोललो, चंद्रपूरच्या उन्हाबद्दल बोललो. माझ्या नव्या कार्यालयापासून ऊर्जानगर जवळ पडेल हे दोघांनाही ठाऊक होतं, ते आम्ही बोललो नाही. त्यांनी डबा उघडला, माझ्या पेल्यात अर्धा चमचा साखर घातली, ढवळली आणि पेला माझ्या हातात दिला. मी अर्धाच चमचा घेतो. त्यांनी विचारलं नाही.

मी चहा सावकाश प्यायलो.

निघताना ते दारापर्यंत आले, फाटकापर्यंत आले नाहीत. रस्त्यावर जाऊन मी मागे वळून पाहिलं. खोलीत दिवा लागला होता. दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. मधोमध कोसरे उभे होते, किंचित वाकलेले. त्या प्लास्टिकची त्यांनी नीट घडी घातली होती, आणि ती कुठं ठेवावी हे न कळून ते खोलीभर पाहत होते.